फोन झकास, पण प्री-ऑर्डर परत नाय – काही महिने वापरल्यावरचा अनुभव

फोन चांगलाय हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणारे त्यात त्या बिचाऱ्या फोनचा काही दोष नाही. स्क्रीन मस्त, बॅटरी ऑफिस करून घरी येईपर्यंत आरामात टिकते, कॅमेरा दिवसा एक नंबर, रात्री ठीकठाक. गेम खेळत नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही. डोकं फिरलं ते प्री-ऑर्डरने.

लाँचच्या दिवशीच बुक केला, क्रेडिट कार्डवर नो-कॉस्ट ईएमआय. डिलिव्हरीची तारीख आली आणि गेली, मग ॲपमधे गुपचूप नवीन तारीख, ना मेसेज ना मेल, आपणच उघडून बघायचं. कस्टमर केअरला फोन केला की ठरलेली टेप, "सर हाय डिमांडमुळे डिले आहे, ४८ तासात अपडेट मिळेल". आणि इकडे सांगलीत स्टँडजवळच्या दुकानात तोच फोन, तोच कलर, काचेच्या कपाटात मांडून ठेवलेला! दुकानदार म्हणतो, घेऊन जावा की आत्ता. काय सांगणार त्याला, पैसे तिकडं अडकलेत म्हणून.

फोन हातात नाही आणि स्टेटमेंटमधे पहिला हप्ता आला. नो-कॉस्ट म्हणजे काय तर व्याजाएवढं डिस्काउंट आधी देतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच खिशातून जातो. कॅन्सल करावं तर माझी बँक प्रोसेसिंग फी परत देत नाही, आणि जुन्या फोनचा एक्स्चेंज बोनसही जातो. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून साइटच्या एकदम तळाशी जाऊन ग्रिव्हन्स ऑफिसरचा मेल शोधला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासात द्यावी लागते आणि एका महिन्यात निकाल लावावा लागतो, हे मेलमधे लिहिलं, सोबत १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला पण तक्रार टाकली. मग मात्र चक्रं हलली. तरी पार्सल भिवंडीच्या हबवर येऊन बसलं, तिथनं पुणे, पुण्यातनं परत भिवंडी, का ते त्यांनाच ठाऊक.

आला तेव्हा बॉक्स सीलबंद होता, आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा असतो तो ओळख नंबर) जुळवला, तो बरोबर होता. पण बिलावरची तारीख बघितली तर पार्सल भिवंडीत लोळत होतं तेव्हाची! सर्व्हिस सेंटरला विचारलं तर म्हणे वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात. म्हणजे वॉरंटीचे दिवस गोडाऊननेच वापरले. वर थोड्याच दिवसात दिवाळी सेल लागला आणि फोन मी भरलेल्या पैशांपेक्षा स्वस्त झाला. लवकर बुक केलं त्याचं हे बक्षीस.

आता इअरबड्सचं. प्री-ऑर्डरवाल्यांना फ्री होते ना, त्यासाठी ॲपमधे आयएमईआय टाकून क्लेम करायचा होता, आणि क्लेमची मुदत मोजलेली लाँचपासून. फोन हातात यायच्या आधीच मुदत संपलेली! आयएमईआय काय स्वप्नात बघून टाकायचा होता काय? तक्रार केली, तिकीट नंबर मिळाला, स्टेटस 'इन प्रोग्रेस'. आज हे लिहिताना परत चेक केलं, अजून तेच आहे.

फोनला ४ स्टार, बाकी सगळ्याला शून्य. घ्यायचाच असेल तर दुकानातनं घ्या.