डी-तिकीट रिव्ह्यू: जर्मनीत शिकताना रात्री-बेरात्री भटकणाऱ्यांसाठी

जर्मनीत शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात कोणीतरी सांगतंच की अरे डी-तिकीट (म्हणजे डॉइचलांडटिकेट, देशभरातल्या लोकल गाड्या आणि बसवर चालणारं महिन्याचं तिकीट) आहे ना, मग अख्खा देश फुकटात फिर, आणि हे ऐकून पोरं लगेच मॅप उघडून आखेन ते म्युनिक किती तास लागतील ते बघायला बसतात. नका बघू. मी आखेनला मास्टर्स करतेय, पहिल्या सेमिस्टरपासून हेच तिकीट वापरतेय आणि माझं स्पष्ट मत आहे की डॉइचलांडटिकेट हे लांब जायचं तिकीट नाहीये, ते रात्री मित्रमंडळींसोबत बाहेर पडून आपल्या सोयीने घरी यायचं तिकीट आहे. त्या कामासाठी पाचपैकी साडेचार. देश बघायचा म्हणून घेत असाल तर तीन, तेही जीव काढून.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. 2022 च्या जून ते ऑगस्ट सरकारने महिन्याला 9 युरोचं तिकीट काढलं होतं, लोक तुटून पडले त्यावर, मग 1 मे 2023 पासून 49 युरोचं हे तिकीट आलं. 2025 च्या जानेवारीत त्याचे 58 झाले आणि 2026 च्या जानेवारीपासून 63. या पैशात देशभरातल्या आरबी आणि आरई (जवळपासच्या शहरांमधल्या लोकल गाड्या), एस-बान (उपनगरी लोकल), ऊ-बान (मेट्रो), ट्राम, बस सगळं आलं, फक्त सेकंड क्लास. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या नाहीत, खासगी फ्लिक्सबस नाही, फ्लिक्सट्रेन पण नाही. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांमध्ये हेच सेमिस्टर तिकीट म्हणून मूळ किमतीच्या 60 टक्क्यांत मिळतं, 2024 च्या समर सेमिस्टरला सुरू झालं तेव्हा महिन्याला 29.40 युरो पडायचं, मूळ भाव वाढला की हेही वाढतं. ते सेमिस्टरच्या फीमध्येच धरलेलं असतं त्यामुळे सहसा नको म्हणायची सोय नसते, पैसे गेलेलेच असतात, मग वापरा ना.

आता मुद्द्याचं. आमच्या ग्रुपमध्ये आपले दोघं मराठी, एक तुर्की, एक मेक्सिकन मुलगी आणि एक जर्मन जो कायम शेवटच्या मिनिटाला हो म्हणतो. हे तिकीट नसतं तर आमचं कोलोनला जाणं कधीच झालं नसतं, कारण पाच जणांचं ग्रुप तिकीट काढायचं म्हटलं की पाचही जणांनी एकत्र निघायचं, एकत्र परतायचं, कोणाला उद्या सकाळी लॅब आहे म्हणून दहाला निघायचं असेल तर झाली बोंब, वर पैसे कोणी भरले, कोणाकडून यायचे बाकी आहेत याची किटकिट आठवडाभर चालणार ती वेगळीच. डी-तिकीटवर प्रत्येकजण आपापला मालक. लायब्ररीत बसल्या बसल्या साडेसातला कोणीतरी म्हणतं चला, आठच्या आसपासच्या गाडीत बसायचं, तासाभरात कोलोन. ज्याला कंटाळा आला तो निघाला, कोणी रुसत नाही, कोणी थांब म्हणून गळ घालत नाही. नाईट आऊटचं अर्धं टेन्शन परत कसं जायचं हेच असतं, ते इथे निम्म्याहून जास्त कमी होतं (शेवटच्या गाडीचं टेन्शन राहतंच, त्यावर खाली बोलते).

कोलोनला उतरलात की स्टेशनच्या बाहेरच डोम म्हणजे मोठं चर्च, 157 मीटर उंच, दारातून बाहेर आल्यावर मान वर करावीच लागते. वर चढायला 533 पायऱ्या आहेत पण रात्रीच्या प्लॅनआधी तो उद्योग करू नका, पाय राहणार नाहीत नाचायला. जुन्या ब्रॉइहाउसमध्ये, म्हणजे बिअरच्या पारंपरिक पबमध्ये, एकदा तरी बसाच. तिथला वेटर म्हणजे क्योबेस, निळे कपडे, हातात मधोमध दांडी असलेला गोल ट्रे आणि त्यात कोल्शचे (कोलोनची बिअर) 0.2 लिटरचे बारीक उंच ग्लास. तुमचा ग्लास रिकामा दिसला की तो विचारत बिचारत नाही, नवा ठेवतो आणि तुमच्या पुठ्ठ्याच्या बिअर मॅटवर पेन्सिलने एक रेघ मारतो. बास झालं असेल तर तोंडाने सांगण्यात अर्थ नाही, मॅट उचलून ग्लासवर झाकण ठेवायचं. आमच्या तुर्की मित्राला हे कोणी सांगितलंच नव्हतं, तो बिचारा पाहुणचार समजून प्रत्येक ग्लास संपवत राहिला आणि मग बिलाच्या वेळी मॅटवरच्या रेघा मोजताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. पाणी मागितलंत तर एखादा टोमणा येणार, मनावर घ्यायचं नाही, ते त्यांच्या कामातच येतं.

स्वस्तात मजा करायची तर झ्युल्पिशर श्ट्रासेला जा, स्टुडंट लोकांचा एरिया आहे, पण 11 नोव्हेंबरला चुकूनही... म्हणजे जा, पण माहिती असू द्या. त्या दिवशी 11 वाजून 11 मिनिटांनी कार्निव्हलचा सीझन सुरू होतो, सगळं शहर वेषांतर करून रस्त्यावर असतं, कोलोनकडे जाणाऱ्या गाड्यांमध्ये सकाळपासूनच जिराफ, नन आणि पायरेट एकमेकांच्या अंगावर उभे असतात. डी-तिकीटमध्ये सीट रिझर्व्हेशन हा प्रकार नाही हे अशा दिवशी नीट कळतं.

ड्युसेलडॉर्फला पण आखेनहून आरई 1 ने बसल्या जागी जाता येतं. तिथल्या आल्टश्टाटला, म्हणजे जुन्या शहराला, जगातला सर्वात लांब बार म्हणतात, म्हणजे एक बार नव्हे, गल्ल्याच तशा आहेत, एकाला एक लागून पब. तिथे कोल्श मागू नका, तिथे आल्टबिअर, काळपट रंगाची, आणि दोन्ही शहरं यावरून एकमेकांना इतके टोमणे मारतात की बाहेरच्याला वाटेल खरंच भांडण आहे. पीत नसाल तर इमरमान श्ट्रासेवर जपानी लोकांचा मोठा एरिया आहे, रामेन खाऊन परत या, खरं सांगायचं तर माझ्या ड्युसेलडॉर्फच्या बऱ्याचशा रात्री रामेनवरच संपल्यात.

आता तक्रारी, आणि त्या आहेत. तिकीट चांगलं पण ज्या गाडीवर ते चालतं ती गाडी चांगली असेलच याची गॅरंटी नाही, लोकल गाड्या वेगवेगळ्या कंपन्या चालवतात आणि नशिबाप्रमाणे अनुभव येतो. आम्हाला एका लाईनवर, कंपनीचं नाव घेत नाही, मध्यरात्रीनंतर एका छोट्या स्टेशनावर उतरवलं, गाडी इथेच संपली म्हणाले, पुढे बस येईल म्हणाले. स्टेशन म्हणजे काय तर एक शेड, एक बंद पडलेलं चॉकलेटचं मशीन, आणि समोरच्या बोर्डावर बसची वेळ, जी जवळ आली की पुढे सरकायची. बस आली पण तोपर्यंत मेक्सिकन पोरगी बॅगवर डोकं ठेवून झोपली होती आणि जर्मन महाशय आपल्या देशाच्या वतीने आमची माफी मागत होते. नुकसानभरपाई मिळते का, तर हो, गाडी तासाभराहून जास्त लेट झाली तर या तिकीटवर दीड युरो. दीड! आणि 4 युरोच्या खाली ते पैसे देतच नाहीत, म्हणजे आधी तीन वेळा लेट व्हा, ते सगळे फॉर्म जमवून ठेवा, मग साडेचार युरो घ्या. मी अजून तरी तो फॉर्म भरलेला नाही, तेवढ्या वेळात एक असाइनमेंट होते.

म्हणून शेवटच्या गाडीवर कधीच प्लॅन बांधू नका, शेवटच्या आधीची पकडा. दुसरा उपाय म्हणजे सरळ पहाटेपर्यंत थांबायचं ठरवूनच निघा. शहराच्या आत फारशी अडचण नाही, बर्लिनला शुक्रवार-शनिवार रात्री ऊ-बान आणि एस-बान रात्रभर चालूच असतात, बाकी दिवशी नाईट बस. खरी बोंब दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यात आहे.

मोबाईल चार्ज ठेवा. तिकीट तुमच्या नावावर असतं, ओळखपत्र सोबत लागतं, मित्राला देता येत नाही. रात्री तीन वाजता फोन मेला आणि तेव्हाच चेकर आला तर 60 युरोची पावती फाटते, नंतर तुमच्याकडे खरंच तिकीट होतं हे दाखवून ती बरीच कमी करून घेता येते पण तो सगळा डोक्याला ताप. आमच्यात आता नियम आहे, पॉवरबँक ज्याची त्याचा पहिला ग्लास बाकीच्यांनी भरायचा.

दिवसा फिरायचं तर माझ्याकडून दोनच गोष्टी मनापासून सांगेन. एक वुपरटाल. तिथे उलटी लटकणारी ट्रेन आहे, श्वेबेबान, 1901 पासून चालू, 13.3 किलोमीटर, बराचसा रस्ता नदीच्या वरून, आणि डी-तिकीटवर चालते. 1950 मध्ये जाहिरातीसाठी टुफी नावाच्या हत्तिणीच्या पिल्लाला हिच्यात बसवलं होतं, ते घाबरलं आणि खाली नदीत उडी मारली, आणि वाचलं! हे आधी वाचून जा म्हणजे डबा वळणावर झुलायला लागला की मजा येते.

दुसरं कोब्लेंझ ते माइन्झ, ऱ्हाईनच्या काठाने. आयसीई कोलोनहून फ्रँकफर्टला बोगद्यांमधून सुसाट निघून जाते, तिकडून नदी दिसतच नाही. आपली गरिबांची लोकल मात्र नदीला चिकटून जाते, बोपार्ड, ओबरवेझेल, बाखाराख करत, प्रत्येक वळणावर टेकडीवर एक किल्ला, खाली द्राक्षाचे मळे, समोरच्या काठाला लोरेलायचा कडा. कोब्लेंझहून निघालात तर गाडीच्या डाव्या बाजूला बसा, उजवीकडे बसलात तर डोंगर बघत जाल. बोगद्यांमधून जाणाऱ्या आयसीईवाल्यांना जे दिसत नाही ते स्वस्तातल्या तिकीटवाल्यांना दिसतं अशी ही बहुतेक एकच लाईन असेल, माझ्या माहितीत तरी.

हँबुर्गला मात्र लोकलने गेलो ते गेलोच. कोलोन, म्युन्स्टर, ओस्नाब्रुक, ब्रेमेन, प्रत्येक ठिकाणी उतरा, पळा, परत चढा, जवळजवळ अख्खा दिवस गाडीत. जाताना उत्साह असतो, रविवारी परत येताना हे करू नका, आधी बुक करून स्वस्तातली आयसीई बघा किंवा रात्रीची बस. पण पोहोचल्यावर तिकीट परत कामाला येतं, लांडुंग्सब्रुकेनच्या धक्क्यावरून फिंकनवेर्डरला जाणारी 62 नंबरची फेरीबोट यातच आहे, टुरिस्ट लोक पैसे देऊन बंदर बघतात, तुम्ही वरच्या डेकवर उभं राहून तेच बघा. रीपरबानवर (तिथला नाईटलाईफचा रस्ता) वीकेंडच्या रात्री काचेच्या बाटल्या घेऊन फिरायला बंदी आहे आणि तिथल्या बस-ट्रेनमध्ये दारू पिणं चालत नाही, हे दुसऱ्या शहरातून आलेल्यांना ठाऊक नसतं. रात्रभर जागून रविवारी पहाटे फिशमार्क्ट म्हणजे मासळी बाजार, उन्हाळ्यात पाचला उघडतो, साडेनऊला खल्लास. लिलावाच्या जुन्या हॉलमध्ये बँड वाजत असतो, अर्धे लोक नुकते उठून आलेले आणि अर्धे अजून झोपलेच नाहीत, कोण कुठल्या गटातलं ते चेहऱ्यावरून लगेच ओळखू येतं.

बॉर्डरपलीकडचं थोडं. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या मेन स्टेशनपर्यंत बव्हेरियाच्या लोकलने हे तिकीट चालतं. लक्झेंबर्गमध्ये 2020 पासून सार्वजनिक वाहतूक सगळ्यांना फुकट आहे, म्हणजे ट्रियरहून बसलात तर बॉर्डरपर्यंत डी-तिकीट आणि पुढे काहीच नाही. स्ट्रासबुर्गसाठी बॉर्डरवरच्या केल गावापर्यंत गाडीने जा आणि ऱ्हाईनवरचा पादचारी पूल चालत ओलांडा, पलीकडे फ्रान्स. पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट दोन्ही सोबत ठेवा, बॉर्डरवर तपासणी होऊ शकते.

बाटल्यांचं राहिलं. स्टेशनवर बिअरची रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, डब्याच्या शेजारी उभी ठेवा. काचेच्या बाटलीचे सहसा 8 सेंट आणि कॅन किंवा एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीचे 25 सेंट दुकानात परत मिळतात, ते गोळा करणारे लोक असतात, त्यांना डब्यात हात घालावा लागू नये म्हणून.

सायकल न्यायची असेल तर तिचं तिकीट वेगळं. आणि सेमिस्टर तिकीट नसून नेहमीचं सबस्क्रिप्शन घेतलेलं असेल तर थिसिसच्या गडबडीत विसरू नका, महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कॅन्सल केलं तरच त्या महिनाअखेर बंद होतं, 11 तारखेला आठवलं तर पुढच्या महिन्याचे 63 गेले म्हणून समजा.