ओमेगाटी तीन संगणकांवर: सात महिन्यांनंतर

ओमेगाटी हे अनुवादाचं मुक्त सॉफ्टवेअर मी सात महिने तीन ठिकाणी वापरतेय. घरी 8 जीबी रॅमचा विंडोज 11 लॅपटॉप आणि 4के (खूप बारीक ठिपक्यांचा) मॉनिटर जोडलेला उबुंटू या लिनक्स प्रणालीचा डेस्कटॉप, ऑफिसात एम1 मॅक मिनी. काम एकच, शेतीच्या पुस्तिका मराठीत आणणं. प्रोग्रॅम किती सेकंदांत उघडतो याच्याशी मला सोयरसुतक नाही. कळ दाबल्यावर अक्षर कधी उमटतं ते महत्त्वाचं. 60 हर्ट्झचा पडदा दर 16.7 मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो. ओळीने चार-पाच चित्रं हुकली की बोटांना लगेच कळतं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं उबुंटूने. वेग उत्तम, पण अक्षरं पुसट. अनुस्वार आहे की नाही हे वाकून बघावं लागे. कारण शोधायला दोन रविवार गेले. ओमेगाटी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलंय, आणि लिनक्सवर जावाचे प्रोग्रॅम पूर्णांकातच, म्हणजे दुप्पट-तिप्पट असेच मोठे होतात, दीडपट नाही. मी पडद्यावरचं सगळं 150 टक्के मोठं करून ठेवलं होतं, त्यामुळे वेलँडवर (लिनक्सवर खिडक्या दाखवणारी यंत्रणा) खिडकीचं तयार चित्रच ताणलं जात होतं. पडदा 200 टक्के केला, जावालाही दुप्पट सांगितलं, आतला फाँट लहान केला. अक्षरं लख्ख झाली.

विंडोजवर 150 टक्के बिनबोभाट चालतं. तिथे अडचण वेगळी होती: मोठी अनुवाद-स्मृती (आधी केलेल्या अनुवादांचा साठा) उघडली की मधेच टायपिंग थबकायचं. ही स्मृती सगळी रॅममध्ये बसते, आणि वेगळं सांगितलं नाही तर जावा रॅमच्या चौथ्या हिश्श्यापुढे जात नाही. मर्यादा वाढवली, थबकणं जवळजवळ थांबलं. मॅकवर काहीच करावं लागलं नाही.

मराठीची जोडाक्षरं मात्र तिन्हीकडे सारखीच नीट. जावाच्या 9 व्या आवृत्तीपासून अक्षरजुळणी हार्फबझ हे सॉफ्टवेअर करतं, त्यामुळे 'तत्त्व' कुठेच फुटत नाही. फरक पडतो फाँटचा. विंडोजवर निर्मला, मॅकवर कोहिनूर, उबुंटूवर नोटो. प्रत्येकाची ओळ वेगळ्या उंचीची. ओळी कमी मावल्या की स्क्रोल जास्त, आणि मी त्यालाच इतके दिवस 'स्लो' म्हणत होते! आता तिन्हीकडे मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्त फाँट घातलाय. लांब मजकूर मी उबुंटूवरच करते. दुपारनंतर डोळे तिथे कमी दुखतात.