मुखपृष्ठाचं शीर्षक: हाताने की फॉन्टने?

स्पर्धेसाठी जुन्या कादंबरीचं नवं मुखपृष्ठ करताना गाडी शीर्षकापाशीच अडते. खर्चाचा प्रश्न नाही: कट निब (सपाट छाटलेल्या टोकाची) आणि काळी शाई स्वस्त, मुक्ता, बालू हे युनिकोड फॉन्ट तर फुकट.

फरक मेहनतीत. हाताने लिहायचं तर छपाईच्या दुप्पट मापात लिहून 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके) स्कॅन करा. लहान केल्यावर कडा साफ दिसतात. सोलापूरच्या मे महिन्यात पंख्याखाली शाई निबवरच सुकते आणि शिरोरेषा मध्येच तुटते. पंखा बंद, दुसरा इलाज नाही.

फॉन्टचा घोळ वेगळा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइप इंजिन ‘वर्ल्ड-रेडी’ (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारं) नसेल तर पहिली वेलांटी अक्षरामागे जाते, जोडाक्षरं फुटतात. परीक्षकांची नजर आधी तिथेच जाते. दोन ओळी जवळ आणल्या की खालचा रफार वरच्या उकाराला भिडतो. फाइल देताना अक्षरांच्या आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचे आकार होतात आणि समोर तो फॉन्ट नसला तरी बिघडत नाही.

मागे चादरीची नक्षी असेल (सोलापुरात कोणीतरी टाकतंच) तर जाड बालूच टिकतो, बारीक बोरूचं वळण हरवतं. तीन-चार पुस्तकांची मालिका असेल तरी फॉन्टच बरा. एकच पुस्तक, छोटं शीर्षक, मागे मोकळी जागा असेल तर हातानेच लिहा.