बॉने कॅरेचा लाकडी रेल्वेपूल: गाडीतून पाहावा की खालून?

ह्यूस्टनहून आय-१० ने न्यू ऑर्लिन्सला जाताना, शहराच्या थोडं अलीकडे बॉने कॅरे स्पिलवे, म्हणजे पुराचं जादा पाणी सोडायचा मोठा मार्ग, लागतो. हायवेवरून तो झर्रकन मागे पडतो. तिथला रेल्वेपूल नीट पाहायचा तर ॲमट्रॅकने, म्हणजे अमेरिकेच्या प्रवासी रेल्वेने, जावं की मोटारीने? माझं मत मोटारीला.

'सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स' ही ॲमट्रॅकची शिकागोला जाणारी गाडी न्यू ऑर्लिन्सहून दुपारी सुटते आणि स्पिलवे ओलांडून उत्तरेला जाते. खिडकीतून दलदल, सायप्रसची झाडं, पाणी सगळं छान दिसतं. दिसत नाही तो फक्त पूल, कारण आपण त्याच्यावरच असतो! शिवाय रोज जायला एक आणि यायला एक एवढ्याच गाड्या, त्यामुळे नुसत्या पुलासाठी गेलात तर परतीचं त्रांगडं. मेम्फिस-शिकागोला जायचंच असेल तर मात्र हीच गाडी धरा.

मोटारीने यूएस ६१ या महामार्गावरून स्पिलवेत उतरता येतं. लाकडी ट्रेसल, म्हणजे खांबांच्या रांगांवर उभा पूल, खालूनच कळतो: ठोकलेल्या खांबांची रांग, तिच्यावर जाड आडवं लाकूड, चार पावलांवर पुन्हा तशीच रांग, असं दोन किलोमीटरहून जास्त. १९२७ च्या महापुरानंतर मिसिसिपी नदीचं जादा पाणी पॉन्चरट्रेन सरोवरात सोडायला हा स्पिलवे बांधला. रुळांसाठी मातीचा भराव टाकला असता तर त्यानेच पाणी अडलं असतं. खांबांमधून ते वाहून जातं. नदीकाठचा बांधही चुकवू नका. ३५० गाळे, त्यांत सुमारे ७,००० उभी लाकडं, आणि पाणी सोडायचं तेव्हा ती क्रेनने एकेक करून उपसायची. पूर अडवायला इतकी साधी युक्ती अजून चालते, याचं मला पुलापेक्षाही जास्त अप्रूप वाटतं.

गैरसोयी आहेतच. सावली कमी, उन्हाळ्यात डास, आणि मालगाडी कधी येईल याचा नेम नाही. रुळांवर चढू नका, ती रेल्वेची हद्द आहे.

स्पिलवे उघडला की हिशेब बदलतो. २०१९ मध्ये तो दोनदा मिळून १२३ दिवस उघडा होता. अशा वेळी खालची जमीन पाण्याखाली जाते, आणि ॲमट्रॅकची गाडीही त्या वर्षी मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सनलाच थांबवून पुढे बस दिली होती. तेव्हा पुलाचा नाद सोडून नदीकाठच्या बांधावर जा. बहुतेकदा हे वसंतात घडतं, म्हणून पूलच पाहायचा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठा.