जिल्हाधिकारी कार्यालयाजवळचे अर्जलेखन केंद्र: अपत्यांचा रकाना येथे समजून भरला जातो

सोलापुरात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आसपास अर्ज भरून देणारी बरीच दुकाने आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा भर वेगावर असतो. यांपैकी ज्या लहानशा केंद्रातून आम्ही पुतणीचा ग्रामपंचायत निवडणुकीचा उमेदवारी अर्ज आणि भाच्याचे नोकरीसाठी लागणारे लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र तयार करून घेतले, त्याविषयी हा अभिप्राय आहे.

पुतणीला आधी मुलगी झाली आणि नंतर जुळे मुलगे. तीन अपत्ये म्हणजे अपात्र, असे घरातल्या सर्वांनी धरून ठेवले होते आणि शेजारच्या एका दुकानातही आम्हाला तेच सांगण्यात आले. या केंद्रातील लेखनिकबाईंनी मात्र "ताई, आधी तिन्ही जन्मदाखले दाखवा, आकडा मागाहून लिहू," असे म्हणून तारखा तपासल्या आणि नियम समजावून सांगितला. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यसंख्या दोनपेक्षा जास्त झाली, तर ग्रामपंचायत सदस्यत्वासाठी अपात्रता येते. परंतु एक अपत्य असताना पुढच्या एकाच प्रसूतीत जितकी मुले होतील, ती सर्व मिळून एकच अपत्य धरले जाते. तिचा अर्ज छाननीत टिकला.

या कामाचे मोल फक्त अर्ज मंजूर होण्यात नाही. हा नियम लागू होतो आईवडिलांच्या पदाला, त्याची झळ मात्र मुलांपर्यंत पोहोचते, कारण पदाच्या मोहापायी तिसरे मूल दिराच्या नावावर दाखवा किंवा दत्तक दिल्याचे कागद करा, असे सल्ले निवडणुकीच्या हंगामात उघडपणे दिले जातात. आमच्यासमोरच एका गृहस्थांनी दत्तकाची विचारणा केली. स्वतःचे मूल दत्तक दिले तरी अपात्रता टळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ओडिशाच्या एका प्रकरणात २०१८ साली दिला आहे, हे सांगून बाईंनी ते काम सरळ नाकारले. मुलाने शाळेच्या दाखल्यावर काकाचे नाव वडील म्हणून का वाचावे, असा प्रश्नही त्यांनी विचारला आणि गृहस्थ गप्प झाले. चीनमध्ये एक अपत्य धोरणाच्या काळात, म्हणजे २०१५ पर्यंत, नोंदणीच न झालेली मुले वाढली. आपल्याकडे जन्मनोंदणीला अशी आडकाठी नाही, तरीही घरच्यांनीच मुलाची ओळख बदलण्याचा मोह होतो, हे मला जास्त खटकते.

भाच्याचे काम सोपे होते. शासकीय सेवेसाठीच्या २००५ च्या नियमांनुसार द्यावयाच्या या प्रतिज्ञापत्रात हयात अपत्यांची संख्या, २८ मार्च २००५ नंतर जन्मलेल्यांची संख्या आणि २८ मार्च २००६ नंतरच्या जन्मामुळे संख्या दोनपेक्षा जास्त झाल्यास अपात्र ठरण्याची जाणीव, हे सारे लिहून द्यावे लागते. तो अविवाहित असल्याने दोन्ही ठिकाणी शून्य आले. तरी बाईंनी पुढचा मजकूर त्याला वाचायला लावला, हे मला आवडले. सही करणाऱ्याने आपण कशावर सही करतो ते वाचावे, एवढी साधी अपेक्षाही इतरत्र बाळगली जात नाही.

उणीव जागेची आहे. टेबलासमोर बाक एकच, मागे रांग, आणि "हयात मुले किती?" हा प्रश्न सर्वांना ऐकू जातो. आमच्या पुढे असलेल्या एका बाईंचे मूल गेले होते; त्यांना ते भर रांगेत सांगावे लागले आणि रांगेतल्या दोघांनी लगेच चौकशी सुरू केली. एक आडोसा किंवा कागदावर उत्तर लिहून देण्याची सोय करायला खर्च फारसा येणार नाही. दर आधीच सांगितले जातात आणि पावती मागितल्यास मिळते, मात्र उमेदवारीच्या शेवटच्या दिवसांत गर्दीमुळे बाईंना प्रत्येकाला वेळ देता येत नाही. म्हणून दोन-तीन दिवस आधी, सर्व मुलांचे मूळ जन्मदाखले घेऊन आणि शक्यतो सकाळी लवकर जावे. पाचपैकी चार तारे; पाचवा आडोसा लागल्यावर देईन.