रिव्ह्यू : क्यूजीआयएसवर रान मोजताना साडेनऊ टक्के कुठनं वाढतात

क्यूजीआयएस हे नकाशावर काम करायचं फुकट सॉफ्टवेअर, २००२ पासून जगभरातले लोक मिळून बनवतायत, आणि लॅपटॉपवर क्षेत्रफळ काढायला माझ्या मते ह्याच्या तोडीचं दुसरं नाही. फक्त ते नेमकं काय मोजतंय हे आपल्याला कळाय पाहिजे. आपल्याकडं गुंठ्यावरनं वाद आधीच कमी नाहीत, त्यात आता प्रत्येकाच्या मोबाइलात जमीन मोजायचं ॲप, एकाच रानाचे तिघांकडं तीन आकडे आणि तिघंबी खात्रीनं सांगतात.

मुद्दा काय ते कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर करून बघा. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा उघडा, एरिया मोजायचं टूल घ्या आणि काठाकाठानं क्लिक करत तलावाला वेढा घाला. टूलच्या खिडकीत दोन पर्याय दिसतील, कार्टेशियन (सपाट कागदावरचं माप) आणि एलिप्सॉइडल. आलटून पालटून दाबा. तोच तलाव, तीच रेघ, पण कार्टेशियनवर आकडा साडेनऊ टक्के जास्त! कारण वेबवरचे बहुतेक नकाशे वेब मर्केटर नावाच्या प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या एका पद्धतीत (तिचा कोड नंबर ईपीएसजी ३८५७) असतात आणि त्यात विषुववृत्तापासनं जेवढं लांब जाल तेवढं सगळं ताणलं जातं, कोल्हापूर १६.७ अंशावर म्हणून आपलं साडेनऊ टक्क्यांवर भागतंय, दिल्लीत हेच जवळजवळ ३० टक्के होतं. म्हणजे ४० गुंठ्याचं रान कागदावर ४३.८ गुंठे. एलिप्सॉइडल निवडलं की पृथ्वीचा खरा आकार धरून हिशोब होतो, आणि सेटिंगला हात लावला नसेल तर आधीपासनं तेच असतंय, त्यामुळं टूलवर मोजणाऱ्याला सहसा त्रास नाही.

त्रास फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये, म्हणजे सूत्र लिहून आकडे काढायच्या खिडकीत. तिथं क्षेत्रफळाची दोन फंक्शन आहेत, एक डॉलरचं चिन्ह लावलेलं एरिया आणि एक कंसात जिऑमेट्री (काढलेली आकृती) द्यायचं साधं एरिया. डॉलरवालं प्रोजेक्टचं एलिप्सॉइड (पृथ्वीचा धरलेला आकार) आणि युनिट पाळतं, साधं मात्र लेयर (नकाशाचा थर) ज्या सीआरएसमध्ये, म्हणजे जागा आकड्यात मांडायच्या पद्धतीत, आहे त्याच सपाट कागदावर मोजतं. लेयर अक्षांश-रेखांशात असेल (ईपीएसजी ४३२६) तर एका एकराला ०.००००००३४ असलं काहीतरी येतं, ते चौरस अंश असतात. ते दिसल्या दिसल्या कळतं तरी, ३८५७ मधली चूक कळतच नाही, आकडा अगदी खरा वाटतो.

साधं फंक्शनच वापरायचं असलं तर लेयर यूटीएम ४३ उत्तरमध्ये (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत, ईपीएसजी ३२६४३) सेव्ह करून घ्या, अख्खा कोल्हापूर जिल्हा त्याच झोनमध्ये बसतो. तिथं फरक एकराला २८ स्क्वेअर फुटाच्या आसपास राहतो, तेवढ्यासाठी कुणी भांडत नाही (भांडणारे असतात म्हणा).

आता युनिट. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, बोलण्यात गुंठा, आणि लोक दोन्ही एकच धरतात. गुंठा म्हणजे ३३ फुटी साखळीचा चौरस, १०८९ स्क्वेअर फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे सरळ १०० चौरस मीटर. ४० आर आणि ४० गुंठे ह्यात ५०० स्क्वेअर फुटांचा फरक पडतो भावा, शहराजवळ प्लॉट घेणाऱ्याला विचारा त्याचे किती होतात. क्यूजीआयएसमध्ये एकर, हेक्टर सगळं आहे, गुंठा नाही. प्रोजेक्टचं युनिट चौरस मीटर ठेवून १०१.१७ नं भागायचं.

आणि हे सगळं जमलं तरी सॉफ्टवेअर तुम्ही काढलेली रेघ मोजतं, रान नाही. सॅटेलाइट फोटोत ऊस उभा असला की बांध दिसतच नाही, फोटोसुद्धा जागेवरनं थोडा सरकलेला असू शकतो, आणि मोबाइलचं जीपीएस मोकळ्या रानातबी तीन-पाच मीटर इकडंतिकडं दाखवतं. चौकोनी एकराची बाजू ६३.६ मीटर, चारी बाजूंनी रेघ फक्त एक मीटर बाहेर गेली तर अडीच गुंठे वाढले. वर प्रोजेक्शनवर एवढं डोकं लावलं आणि इथं ऊस बघून अंदाजे क्लिक केलं तर काय उपयोग? पन्हाळ्याच्या बाजूला उताराची रानं आहेत त्यांचं आणखी वेगळं, टेप जमिनीला लावून मोजलं तर क्षेत्र जास्त भरतं, १५ अंशाच्या चढाला साडेतीन टक्के, सॉफ्टवेअर मात्र वरनं बघितल्यासारखं आडवं क्षेत्र देतं. सरकारी मोजणीतबी आडवंच धरतात, तेव्हा तिथं सॉफ्टवेअरच बरोबर.

माझ्या मामांना हे दाखवलं तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "हे कोर्टात चालतंय का रं?" नाही चालत मामा, हद्दीसाठी भूमी अभिलेखची मोजणीच लागते. पण ठिबकाच्या नळ्या किती, खत किती, नांगरटीवाल्याचे पैसे किती, ह्याला चालतंय की, लई भारी चालतंय.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो मेनूच्या जंगलासाठी, नवीन माणूस एलिप्सॉइडचं सेटिंग प्रोजेक्ट प्रॉपर्टीजच्या जनरल टॅबमध्ये आहे हे स्वतःहून शोधेल असं मला वाटत नाही. आणि हो, पॉलिगॉन (रानाची बंद आकृती) काढताना रेघ स्वतःवरनंच गेली, आठाच्या आकड्यासारखी, तर क्षेत्रफळ कमी येतं आणि वॉर्निंग येईलच असं नाही, म्हणून मोजायच्या आधी एकदा चेक व्हॅलिडिटी (आकृती चुकलीय का तपासायचं टूल) चालवा.