मिग-21 शोकेसमध्ये हवंय: तयार डायकास्ट की जोडायचं किट?

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 हवाई दलातून निवृत्त झालं. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) यातली बरीचशी विमानं आपल्या नाशिकजवळ ओझरलाच बांधली, त्यामुळे मॉडेल घ्यायचं तर हेच, असं म्हणणारे आपल्याकडे कमी नाहीत.

आधी स्केल ठरवा, कंपनी नंतर. स्केल म्हणजे मॉडेल खऱ्याच्या कितवा भाग: 1/72 म्हणजे बहात्तरावा. मिग-21 च्या पंखांचा विस्तार जेमतेम 7.15 मीटर. 1/72 मध्ये तो 10 सेंटिमीटर होतो, 1/48 मध्ये 15. दोन्ही मावतात. गोची होते ती उद्या सुखोई-30 आणायचं मनात आलं की. ते 22 मीटर लांब, 1/48 मध्ये 45 सेंटिमीटरच्या वर. म्हणून 1/72 मधलं आणलंत, तर 1/48 च्या मिगइतकंच, 30 सेंटिमीटरच्या आसपास भरेल. प्रत्यक्षात मिगपेक्षा दीडपट लांब असलेलं विमान शेजारी त्याच मापाचं दिसणं डोळ्यांना सहन होत नाही. ताफा जमवायचा असेल तर मुकाट्याने 1/72.

डायकास्ट म्हणजे बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचं, रंगवून आलेलं. हातात वजन लागतं, खोक्यातून काढलं की काम संपलं. पण पॅनेलच्या, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या, रेषा चरासारख्या खोल आणि धातू-प्लॅस्टिकचा सांधा नेमका नजरेत येतो. दुरुस्तीला वाव नाही.

किटमध्ये एदुआर्द या चेक कंपनीचं 1/48 मिग-21 घ्या. कॉकपिट बघत बसावं असं. मात्र ‘बायसन’, म्हणजे आपल्या हवाई दलाने सुधारलेलं मिग-21, करायचं असेल तर सांभाळा: ज्यावरून ते सुधारलं त्या साध्या ‘बिस’ला पुढच्या काचेत चौकटी आहेत, बायसनची काच अखंड. नुसती डिकल (चिकटवायची चिन्हं) बदलून बायसन होत नाही. शिवाय रंग, प्लॅस्टिक चिकटवायचं सिमेंट, एअरब्रश धरला की स्वस्त किट स्वस्त राहत नाही. मुंबई-कोकणात भर पावसाळ्यात लॅकर मारू नका, दमटपणाने थर पांढरट पडतो.

हाताला सवय नसेल आणि एकच विमान हवं असेल तर डायकास्ट घ्या, कमीपणा काही नाही. मी स्वतः किटच घेईन, कारण विमान कळतं ते जोडताना.

काहीही घ्या, दोन गोष्टी बघा. गोल चिन्हात केशरी बाहेर, हिरवा मध्ये आहे ना? आणि नाकावरची वेग मोजणारी बारीक पिटो नळी शाबूत आहे ना? वाटेत पहिली मोडते ती तीच.